फळा पुसायचा कोणी?

तुमच्या शाळेतला फळा आठवून बघा. डावीकडे वर वार आणि दिनांक, मध्यभागी सुविचार, उजव्या कोपऱ्यात पट आणि हजर. तास संपला की मॉनिटर डस्टर घेऊन उठायचा, आणि ज्याने वहीत उतरवून घेतलं नसेल तो "थांब, थांब" म्हणून ओरडायचा.

आता तुमच्या टीमचा ऑनलाइन व्हाइटबोर्ड उघडा. पिवळ्या, गुलाबी, हिरव्या चिठ्ठ्या, सगळीकडे जाणारे बाण, कोपऱ्यात कुणीतरी गमतीने चिकटवलेला उंट. हे कधी लिहिलं, कोण कोण हजर होतं, शेवटी काय ठरलं? यातलं काहीच कळत नाही. हा फळा कुणी पुसत नाही, आणि कुणी वहीतही उतरवून घेत नाही. माझं म्हणणं असं, की या साधनाचा खरा दोष हाच आहे आणि तो सॉफ्टवेअरचा नसून आपला आहे.

हे मी स्वतः पोळल्यावर लिहिते आहे. मी अबुधाबीत सौर पॅनलवर बसणाऱ्या धुळीवर काम करते. आमच्या गटातले काही जण इथे, दोघं पुण्यात आणि एक जण अमेरिकेत कोलोरॅडोत. आमच्याकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतात तेव्हा पुण्यात साडेआठ झालेले असतात आणि कोलोरॅडोत सकाळचे आठ किंवा नऊ. त्या एका तासात सगळं उरकायचं, म्हणून आम्ही व्हाइटबोर्ड वापरायला लागलो.

प्रयोग आखताना एका बैठकीत आम्ही पॅनल पुसायचं वेळापत्रक ठरवलं. कोरडा ब्रश, ठरावीक दिवसांनी. काही महिन्यांनी लक्षात आलं, की ब्रश फिरवूनही काही पॅनल स्वच्छ होतच नाहीत. कारण साधं होतं. आखाती किनाऱ्यावरच्या दमट रात्री काचेवर दव पडतं. धुळीतले क्षार त्यात विरघळतात, मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, आणि सकाळच्या उन्हात त्याचा पापुद्रा होतो. तो कोरड्या ब्रशला दाद देत नाही. आम्ही दव मोजतच नव्हतो. सगळा हंगाम वाया गेला.

नंतर मी तो जुना बोर्ड उघडला. एका मोठ्या चिठ्ठीखाली अर्धी झाकलेली एक छोटी चिठ्ठी होती: "रात्री दव पडतं का? आधी ते मोजूया का?" पुण्यातल्या पीएचडीच्या विद्यार्थिनीने लिहिलेली. ती त्या बैठकीत पूर्ण वेळ हजर होती. ती बोलली नाही आणि आम्ही विचारलं नाही.

तंत्राच्या बाजूने पाहिलं तर त्या दिवशी काहीही बिघडलं नव्हतं. एकाच बोर्डवर सहा जण एकाच वेळी लिहितात तेव्हा प्रत्येकाच्या पडद्यावर तेच दिसावं, हा संगणकशास्त्रातला चांगलाच अवघड प्रश्न आहे. १९८९ मध्ये एलिस आणि गिब्ज यांनी त्यावर एक उपाय मांडला. २०११ मध्ये शपिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सीआरडीटी' नावाच्या रचनांची नीट व्याख्या केली. ढोबळमानाने सांगायचं तर प्रत्येक चिठ्ठीला स्वतःची ओळख असते, आणि तिचा रंग, जागा, मजकूर यांची नोंद वेगवेगळी ठेवली जाते. तुम्ही रंग बदलला आणि मी त्याच क्षणी ती सरकवली, तर दोन्ही बदल टिकतात. दोघांनीही सरकवली तर ठरलेल्या नियमाने एकाचा बदल राहतो. बदल कोणत्याही क्रमाने पोचले तरी शेवटी सगळ्यांचा बोर्ड सारखाच होतो.

म्हणजे 'दव' ही चिठ्ठी सहाही पडद्यांवर बिनचूक पोचली होती. सगळ्यांना तेच दिसेल एवढी हमी गणित देतं. सगळे ते वाचतील, ही हमी त्याला देता येत नाही.

मग हे साधन टाकूनच द्यायचं का? नाही. समोरासमोरच्या बैठकीत एक मोठा दोष असतो आणि तो फार पूर्वी मोजला गेला आहे. १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की एकत्र बसून कल्पना सुचवणाऱ्या चौघांपेक्षा वेगवेगळं बसून विचार करणारे चौघं मिळून जास्त कल्पना देतात. १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे यांनी त्याचं मोठं कारण शोधलं: एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं आणि थांबताना सुचलेलं विरून जातं. व्हाइटबोर्डवर सगळे एकाच वेळी लिहू शकतात, हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण. आम्ही तो वापरलाच नाही. वरिष्ठ बोलत होते आणि आम्ही त्यांचं बोलणं चिठ्ठ्यांवर टिपत होतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये ब्रक्स आणि लेव्हाव यांचा अभ्यास आला. त्यात मध्यपूर्व आणि दक्षिण आशियाही होते, म्हणजे अगदी आपलाच इलाखा. व्हिडिओ कॉलवरच्या जोड्यांना समोरासमोर बसलेल्यांपेक्षा कमी कल्पना सुचल्या. पडद्यावर खिळलेली नजर विचारही आखडून टाकते, असं त्यांचं स्पष्टीकरण. पण सुचलेल्यांतून चांगली कल्पना निवडण्यात कॉलवरचे लोक मागे पडल्याचं दिसलं नाही. तेव्हा पडद्यावर जमून सुचवत बसण्यापेक्षा, आधी एकेकट्याने सुचवावं आणि पडद्यावर फक्त निवडावं.

इथलंच एक मोठं उदाहरण घ्या. अमिरातीचं 'होप' यान दुबईतलं मोहम्मद बिन राशिद अवकाश केंद्र आणि कोलोरॅडो विद्यापीठाची बोल्डरमधली प्रयोगशाळा यांनी मिळून बनवलं. अमिराती अभियंते बोल्डरला जाऊन तिथल्या लोकांच्या शेजारी बसून काम करत होते. अवघड गोष्ट घडवायची असेल तर काही काळ एका खोलीत बसावं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. जुलै २०२० मध्ये, ऐन महामारीत, जपानच्या तानेगाशिमाहून यान निघालं आणि ९ फेब्रुवारी २०२१ ला मंगळाच्या कक्षेत शिरलं. त्या वेळी तिथून संदेश यायला ११ मिनिटं लागत होती, आणि वेग कमी करण्यासाठी इंजिनं २७ मिनिटं चालवायची होती. मध्येच कुणाला विचारायची सोय नव्हती. सगळे वाद आधीच मिटवून, निर्णय स्वच्छ लिहून यानात भरून ठेवावे लागले.

आपल्या कामातही 'मध्येच विचारायची सोय नाही' हा प्रसंग येतोच. इथे तर फार लवकर येतो. आज शेजारी बसणारा सहकारी पुढच्या वर्षी टोरांटोत किंवा बंगळुरूत असतो. नोकरी संपली की खातं बंद होतं आणि त्या खात्यावरचे बोर्डही हाती लागत नाहीत. कधी कधी तर साधनच बंद पडतं. गूगलचा 'जॅमबोर्ड' ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाला. अशा वेळी आपले बोर्ड आधीच उतरवून घेतलेले बरे.

म्हणून आम्ही आता शाळेच्या फळ्याकडे परतलो आहोत. वर दिनांक, पट आणि हजर. सुविचाराच्या जागी त्या दिवसाचा एकच प्रश्न. पहिली दहा मिनिटं माइक बंद, नावं झाकलेली, सगळ्यांनी मुकाट्याने लिहायचं. मग प्रत्येक चिठ्ठी मोठ्याने वाचायची, एकही न वगळता. मतं झाकूनच द्यायची, नाहीतर साहेबांच्या ठिपक्याशेजारी बाकीचे ठिपके गोळा होतात. शेवटी एक मॉनिटर नेमायचा. त्याने दुसऱ्या दिवशीपर्यंत एका पानावर लिहायचं: काय ठरलं, काय नाकारलं आणि का, कोणता प्रश्न तसाच राहिला. ते पान सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये गेलं, की बोर्ड बिनधास्त पुसायचा.

यात वेळ जातो, अशी तक्रार आमच्या गटातही झाली. जातो, साधारण अर्धा तास. आमचा हंगाम गेला होता, त्यापुढे हा सौदा मला स्वस्त वाटतो.

दवाची चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलीला मी नंतर विचारलं, "तू बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "मॅडम, लिहिलं होतं ना." मला उत्तर सुचलं नाही. आता दव मोजायचं काम तिच्याकडेच आहे. तुमच्या टीमचा जुना बोर्ड आज उघडाच, आणि मोठ्या चिठ्ठ्या जरा बाजूला सरकवून खाली काय आहे ते बघा.