तेल राष्ट्राचे, किल्ली नेत्याची

व्हेनेझुएलाचे तेल दोनदा राष्ट्राचे झाले. पहिल्यांदा १ जानेवारी १९७६ रोजी. मेने ग्रान्दे येथील सुमाके या जुन्या तेलविहिरीपाशी अध्यक्ष कार्लोस आंद्रेस पेरेझ यांनी राष्ट्रध्वज उभारला आणि परदेशी कंपन्यांची सद्दी संपल्याची ग्वाही दिली. (त्याच महिन्यात भारतात बर्मा-शेल सरकारी मालकीची झाली, काळच तसा होता.) परंतु ध्वज बदलला तरी कारभारी बदलले नाहीत. एक्सॉनची क्रिओल कंपनी ‘लागोवेन’ झाली, शेलची ‘मारावेन’. साहेब तेच आणि त्यांची दृष्टीही तीच. त्यांच्यावर उभी राहिलेली पेदेवेसा ही सरकारी कंपनी बघता बघता राज्यांतर्गत राज्य बनली. १९९०च्या दशकात ओरिनोको खोऱ्यातील जड तेलासाठी परदेशी भांडवलाला पुन्हा दारे उघडली गेली, तेव्हा तेथील रॉयल्टी १ टक्क्यापर्यंत खाली आणण्यात आली. काराकासच्या टेकड्यांवरील झोपड्यांत राहणाऱ्या माणसाला हे तेल आपले आहे असे वाटण्याजोगे काहीच घडले नव्हते.

डिसेंबर १९९८ मध्ये ह्यूगो चावेझ निवडून आले ते या माणसाच्या मतावर. २००१च्या कायद्याने त्यांनी रॉयल्टी ३० टक्क्यांवर नेली. हितसंबंधीयांना ते सहन होणे शक्यच नव्हते. एप्रिल २००२ मध्ये चावेझ यांनी दूरचित्रवाणीवर शिटी फुंकून, खेळाडूला मैदानाबाहेर काढावे तसे कंपनीच्या बड्या अधिकाऱ्यांना नावे घेऊन बडतर्फ केले. त्यानंतर चारच दिवसांत लष्करी उठाव झाला. कारखानदार संघटनेचा अध्यक्ष दोन दिवसांचा राष्ट्राध्यक्ष बनला आणि त्याने येताच संसद बरखास्त केली! लोकशाहीच्या या कैवाऱ्यांचे खरे रूप गरीब वस्त्यांनी ओळखले. लोक रस्त्यावर उतरले आणि चावेझ परत आले.

यानंतरचा हिवाळा समाजवाद्यांनी बारकाईने अभ्यासावा असा आहे. डिसेंबर २००२ ते फेब्रुवारी २००३ या काळात व्यवस्थापकांनी, कारखानदारांनी आणि जुन्या कामगार महासंघाच्या नेतृत्वाने तेलधंदा बंद पाडला. दिवसाला तीस लाख पिंपांच्या आसपास असलेले उत्पादन जवळजवळ ठप्प झाले. हा बंद मोडला तो लष्कराच्या बरोबरीने साध्या कामगारांनी आणि निवृत्तीतून परतलेल्या तंत्रज्ञांनी. वरिष्ठांवाचून तेलशुद्धीकरणाची यंत्रे फिरू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. सुमारे १८ हजार कर्मचारी बडतर्फ झाले होते. कारखान्याचा कारभार श्रमिकांच्या निर्वाचित समित्यांकडे सोपवण्याची अशी संधी इतिहासात वारंवार येत नाही.

ती दवडली गेली. तेल हा राष्ट्राच्या मोक्याचा उद्योग, तेथे कामगारांची सहव्यवस्थापने चालणार नाहीत, असा युक्तिवाद सरकारातूनच करण्यात आला. म्हणजे संकटात यंत्र चालवण्यास जो लायक, तो शांततेत नालायक! २००४ पासून तेलमंत्री आणि कंपनीचा अध्यक्ष ही दोन्ही पदे राफाएल रामिरेझ यांच्याकडे आली. ज्याने कंपनीवर देखरेख ठेवायची, तोच कंपनी चालवू लागला. २००६च्या निवडणुकीआधी याच गृहस्थांनी कर्मचाऱ्यांना बजावले की, पेदेवेसा नखशिखांत ‘लाल’ आहे. तो लाल रंग श्रमिकवर्गाचा नव्हता, अध्यक्षांच्या प्रचाराचा होता.

या तेलाने गरिबांचे काही केले नाही, असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. वस्तीवस्तीत दवाखाने निघाले, प्रौढ माणसे अक्षरे गिरवू लागली. १९९९ साली निम्म्याच्या आसपास असलेली दारिद्र्यातील लोकसंख्या दशकभरात तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आली. २००७ मध्ये ओरिनोको प्रकल्पांत सरकारने किमान ६० टक्के वाटा घेतला, तेही योग्यच होते. परंतु हा पैसा वाहत होता कोणत्या वाटेने? काही कंपनीच्या तिजोरीतून थेट, तर काही २००५ साली स्थापन झालेल्या ‘फोन्देन’ या निधीतून. अंदाजपत्रकाच्या बाहेर, संसदेच्या छाननीच्या बाहेर, अध्यक्षांच्या इच्छेनुसार. हक्काच्या जागी देणगी आली. तेलकंपनी अन्नधान्यही विकू लागली. २०१० मध्ये तिच्याच उपकंपनीने आयात केलेले हजारो टन अन्न बंदरावर सडलेले सापडले. कर्मचारी लाखावर गेले आणि विहिरींतून निघणारे तेल मात्र घटले. ऑगस्ट २०१२ मध्ये आमुआयच्या शुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन ४० हून अधिक माणसे मेली. देखभालीकडे दुर्लक्ष होत असल्याची तक्रार कामगार त्याआधीपासून करीत होते. ती ऐकावी लागेल अशा कोणत्याही जागी त्यांना बसवलेले नव्हते.

ही सारी अधोगती अमेरिकेच्या निर्बंधांमुळे झाली, असे काही मित्र सांगतात. २०१७ आणि २०१९चे निर्बंध क्रूर होते, त्यांनी उपाशी जनतेचा घास हिरावला, याबद्दल दुमत नको. पण २०१६ अखेर, म्हणजे निर्बंधांपूर्वीच, उत्पादन बावीस-तेवीस लाख पिंपांवर घसरले होते. उलट बाजूने भांडवलदारी वृत्तपत्रे सांगतात की, राष्ट्रीयीकरणाचे फळ हेच. तर मग नॉर्वेचे काय? तेथेही १९७२ मध्ये सरकारी तेलकंपनी स्थापन झाली; मात्र तिच्यावर नजर ठेवणारे खाते वेगळे राहिले आणि तेलनिधीचा हिशेब संसदेपुढे येत राहिला.

मार्च २०१३ मध्ये चावेझ वारले. त्यांनी उभी केलेली रचना वारसाला आयतीच मिळाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीच्या दोन माजी अध्यक्षांना भ्रष्टाचाराच्या आरोपावरून अटक झाली, त्यांतील एक पुढे कैदेतच मरण पावला. त्याच महिन्यात मादुरो यांनी तेलमंत्रिपद आणि कंपनीचे अध्यक्षपद पुन्हा एकाच माणसाच्या हाती दिले. तो नॅशनल गार्डचा जनरल होता. तेलधंद्याचा त्याला काडीचाही अनुभव नव्हता.