विश्लेषण : ड्रायव्हर बदलला की रिपोर्टमधला आकडा का बदलतो?

हिंजवडी आणि माण ही आयटी पार्कची गावे मुळशी तालुक्यात येतात, हे तिथे रोज कामाला येणाऱ्या अनेकांच्या ध्यानीही नसते. तालुक्याचा कारभार चालतो पौडहून. राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधल्या इमारतींत मात्र देश-विदेशातल्या कंपन्यांची विक्री, पगार आणि साठ्याचे आकडे दाखवणारे डॅशबोर्ड तयार होतात. या कामात किरकोळ समजली जाणारी एक गोष्ट असते : डेटाबेसचा ड्रायव्हर बदलणे. दहा मिनिटांचे काम म्हणून ते बहुधा टीममधल्या सर्वांत नव्या मुलाकडे जाते. ते तसे जाऊ नये.

ड्रायव्हर म्हणजे नेमके काय?

इथे ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. एका बाजूला पॉवर बीआय किंवा टॅब्लोसारखे टूल, दुसऱ्या बाजूला ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल यांसारखा डेटाबेस. टूलची मागणी डेटाबेसपर्यंत पोहोचवायची आणि आलेले उत्तर टूलला समजेल अशा रूपात परत आणायचे, एवढेच त्याचे काम. मायक्रोसॉफ्टने 1992 मध्ये ओडीबीसी हे सामाईक मानक आणले, जावासाठीचे जेडीबीसी 1997 मध्ये आले. आजही असंख्य डॅशबोर्ड या दोघांच्या भरवशावर चालतात.

चालता ड्रायव्हर बदलायचा कशाला?

बहुतेक वेळा नाइलाज म्हणून. एप्रिल 2018 मध्ये मायएसक्यूएल 8.0 आले आणि पासवर्ड तपासण्याची मूळ पद्धतच बदलली. जुन्या ड्रायव्हरना ती कळेना, म्हणून अपग्रेडनंतर नवी खाती जोडताच येईनात. एसक्यूएल सर्व्हर 2022 सोबत मायक्रोसॉफ्टने जुना ‘नेटिव्ह क्लायंट’ देणे थांबवले. दुसरे कारण वेगाचे. विश्लेषणासाठीचे आधुनिक डेटाबेस माहिती रकान्यांनुसार साठवतात, तर ओडीबीसीतून ती साधारणपणे ओळीओळीने येते. टूल पुन्हा तिचे रकाने करते. हा दुहेरी खटाटोप वाचवण्यासाठी ‘अपाचे अ‍ॅरो’ प्रकल्पाने एडीबीसी हे नवे मानक आणले. पॉवर बीआयनेही स्नोफ्लेक आणि गुगल बिगक्वेरीच्या जोडणीत त्याचा वापर सुरू केला आहे.

आकडा घसरतो कुठे?

खरी मेख इथे आहे. ड्रायव्हर बंद पडला तर लगेच कळते, एरर येते, कोणीतरी तिकीट टाकते. तो चालू राहून वेगळे उत्तर देऊ लागला तर कळत नाही. रात्रपाळीच्या कॅबचे उदाहरण घ्या. 1 एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर दीड वाजता एक फेरी झाली. डेटाबेसमध्ये ती जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे साडेपाच तास मागे, 31 मार्च रात्री 8 अशी नोंदली गेली. जुना ड्रायव्हर ती वेळ भारतीय वेळेत बदलून देत असेल आणि नवा जशीच्या तशी देत असेल, तर ती फेरी आदल्या दिवसातच नव्हे, आदल्या आर्थिक वर्षात जाते. डॅशबोर्ड हिरवाच राहतो. हिशेब मात्र चुकतो, आणि त्याचा जाब लेखा विभागाला द्यावा लागतो.

मायएसक्यूएलमध्ये एका बाइटचा छोटा रकाना असतो, टायनीइंट. 0 म्हणजे प्रलंबित, 1 म्हणजे मंजूर, 2 म्हणजे नामंजूर अशा खुणा त्यात ठेवण्याची अनेकांची सवय. त्याची रुंदी एक ठेवली असेल, तर मायएसक्यूएलचा जावा ड्रायव्हर मूळ सेटिंगमध्ये त्याला हो-नाही समजतो. मग 1 आणि 2 दोन्ही ‘हो’ होतात. नामंजूर अर्ज मंजुरांच्या रांगेत जाऊन बसतात!

मराठी नावांचेही तसेच. मायएसक्यूएलचा ओडीबीसी ड्रायव्हर ‘एएनएसआय’ आणि ‘युनिकोड’ अशा दोन प्रकारांत मिळतो. घाईत पहिला निवडला तर ‘माण’, ‘मारुंजी’, ‘भूगाव’ या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटू शकतात. हा दोष निदान डोळ्यांना दिसतो, इतकेच त्यातल्या त्यात समाधान.

कुलूप काढून ठेवण्याचा मोह

एसक्यूएल सर्व्हरचा ओडीबीसी ड्रायव्हर 18 हा 2022 मध्ये आला. त्यात एन्क्रिप्शन मुळातच सक्तीचे आहे आणि सर्व्हरचे प्रमाणपत्रही तपासले जाते. सतराव्या आवृत्तीत ही सक्ती नव्हती. त्यामुळे स्वतःच तयार केलेल्या प्रमाणपत्रावर चाललेल्या अनेक कार्यालयांत नव्या ड्रायव्हरने जोडणी नाकारली. त्यावरचा सोपा तोडगा म्हणजे ‘सर्व्हरवर विश्वास ठेव’ हे सेटिंग चालू करणे. जोडणी होते, पण समोरचा सर्व्हर खरा की तोतया, हे तपासणे बंद होते. पगाराचे आकडे वाहून नेणाऱ्या जोडणीवर हा तोडगा कायमचा ठेवणे म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवणे. योग्य प्रमाणपत्र बसवायला आयटी विभागाला दोन दिवस लागत असतील, तर ते द्यावेत.

बदल करायचा कसा?

आधी ड्रायव्हर कुठे कुठे आहे, ते शोधावे. लॅपटॉपवर सगळे सुरळीत चालते आणि पहाटेचा आपोआप रिफ्रेश पडतो, याचे नेहमीचे कारण म्हणजे गेटवेच्या मशीनवर नवा ड्रायव्हर टाकलेलाच नसतो. दुसरी गफलत 32 आणि 64 बिटची. 64 बिट विंडोजमध्ये ओडीबीसीचे 64 बिट व्यवस्थापक ‘सिस्टीम32’ फोल्डरमध्ये आणि 32 बिट व्यवस्थापक ‘सिसवाव64’मध्ये असते. नावांचा हा उलटा न्याय ज्याने ठरवला, त्याने बऱ्याच जणांच्या संध्याकाळी खाल्ल्या आहेत.

त्यानंतर तोच रिपोर्ट दोन्ही ड्रायव्हरवर चालवून ओळींची संख्या, रकमांची बेरीज, सर्वांत जुनी व नवी तारीख आणि काही मराठी नावे ताडून पाहावीत. ही तुलना डॅशबोर्ड बनवणाऱ्याने एकट्याने करू नये. ज्याचा आकडा आहे, त्या विक्री किंवा लेखा विभागातला माणूस शेजारी हवा, कारण ‘मार्चमध्ये इतक्या फेऱ्या नव्हत्याच’ हे त्यालाच कळते. महिनाअखेर आणि 31 मार्चच्या आसपास हा बदल टाळलेलाच बरा. एसक्यूएल सर्व्हरच्या ड्रायव्हरची सतरावी आणि अठरावी आवृत्ती एकाच मशीनवर शेजारी शेजारी राहू शकते. त्यामुळे किमान एक महिनाअखेर नव्या ड्रायव्हरवर नीट पार पडेपर्यंत जुना काढून टाकण्याची घाई नको.