'यू' प्रमाणपत्रानंतरचा प्रश्न

मीरा-भाईंदरमध्ये आई-वडील दोघेही लोकलने मुंबई गाठणारे असले, की तीन-चार वर्षांच्या मुलाची संध्याकाळ आजी, पाळणाघर आणि कार्टून यांच्या हवाली होते. चित्रपट 'यू' असला की पालक निश्चिंत होतात. वास्तविक २०२४ मध्ये सेन्सॉर बोर्डाने 'यूए'चे जे वयोगट केले, ते ७, १३ आणि १६ वर्षांचे. त्याखालच्या मुलांची निवड घरावरच सोडलेली आहे.

अडचण अशी, की मैत्रीच्या नावाखाली अनेकदा दिसते ते मित्रांनी मिळून शत्रूला बडवणे. 'छोटा भीम'ची लोकप्रियता बव्हंशी त्यावरच उभी आहे. याउलट विजया मुळे यांचा १९७४ चा 'एक अनेक और एकता' हा जेमतेम सात मिनिटांचा लघुपट पाहावा. जाळ्यासकट उडणारे पक्षी, जाळे कुरतडणारे उंदीर. पारधी आहे, पण ठोसा नाही. मियाझाकी यांच्या 'माय नेबर टोटोरो'त (१९८८) तर खलनायकच नाही. मात्र आजारी आई आणि हरवलेली धाकटी बहीण पाहून लहान मूल कासावीस होऊ शकते. शेजारी मोठे माणूस हवेच. शिवाय तो ८६ मिनिटांचा आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी पडद्यापुढे दिवसाला एका तासाची मर्यादा सांगितली आहे. तेव्हा तो दोन संध्याकाळी विभागून दाखवणे बरे.