डोळे पाहतात, ओळखते मन



गावच्या खिल्लारात पन्नास गाई असल्या तरी तुम्ही आपली गाय लांबूनच ओळखता. शिंगांची ठेवण, चालण्याची ढब, एवढे पुरते. अक्षरांचेही तसेच आहे. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांत फरक तो केवढा? वरची रेघ सलग की तुटलेली, आणि एखादी गाठ. पहिलीतले पोर तिथे अडते. तुम्ही मात्र धावत्या एस.टी.वरची पाटी वाचता.

हे होते कसे? डोळ्याच्या आतल्या पडद्यावर समोरच्या वस्तूचे चित्र उमटते, तेही उलटे. तिथून शिरेवाटे खबर मेंदूच्या मागच्या भागात जाते. ह्यूबेल आणि वीझल या दोन शास्त्रज्ञांनी १९५९ साली मांजरावरील प्रयोगांतून दाखवले, की तिथल्या काही पेशी उभी रेघ दिसली की जाग्या होतात, काही आडवी, तर काही तिरकी. या शोधाबद्दल त्यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे मेंदू या रेघा जुळवतो आणि पूर्वी पाहिलेल्या आकाराशी ताडून पाहतो. जमले की म्हणतो, ‘हा घ,’ ‘ही कपिला.’

यात एक मेख आहे. मन सगळे पाहत नाही. थोडे पाहते आणि उरलेले आठवणीतून भरून काढते. म्हणून पुसट झालेली पाटीसुद्धा वाचता येते. पण म्हणूनच फसगतही होते.

उरलेले कीटकनाशक सरबताच्या बाटलीत ओतून कोनाड्यात ठेवले, तर लेकरू ती तोंडाला लावणारच. त्याच्या मनाने बाटली बरोबर ओळखली. आत काय आहे, ते बाटली सांगत नाही. त्यातून आपण या विषाला ‘औषध’ म्हणतो!

तेव्हा मूळ डबा सोडू नका. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे त्यावर कोनावर उभा केलेला चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी. त्यावर कवटी आणि हाडांचे चित्र असते. पिवळा जास्त विषारी, निळा मध्यम, हिरवा त्याहून कमी. हिरवा दिसला की मनाला पीक आठवते, धोका आठवत नाही. पण तेही विषच, हे विसरू नका. काही पुरुषांना जन्मापासून लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. त्यांनी रंगावर न विसंबता मजकूर वाचावा किंवा वाचून घ्यावा.

डबा कुलपात, पोरांचा हात पोचणार नाही असा ठेवा. रिकामा झाला की तीनदा विसळा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता आणि डब्याला भोके पाडा. त्यात तेल किंवा धान्य कधीही भरू नका. चुकून कोणाच्या पोटात विष गेलेच, तर मिठाचे पाणी पाजून वांती काढत बसू नका. ताबडतोब दवाखाना गाठा आणि तो डबा बरोबर न्या. डॉक्टरांना विषाचे नाव त्यावरूनच कळते.

आज संध्याकाळी एवढे करा. घरातल्या सगळ्यांना, वाचता न येणाऱ्या आजीलासुद्धा, ती कवटी आणि ते चार रंग लांबून दाखवा. एकदा मनात ठसले, की संकटाच्या वेळी डोळ्यांना ते शोधावे लागत नाही.