उपाशीपोटी आतडे बरे होत नाही

जपानचे शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना २०१६ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि ‘ऑटोफॅजी’ हा शब्द प्रयोगशाळेतून मोबाइलवर आला. इतके तास उपाशी राहा, पेशी आपलाच कचरा खातील आणि रोग पळेल, असे संदेश आता घरोघर फिरतात. मराठवाड्याला एकादशी, चतुर्थीचे उपवास नवे नाहीत. त्यातच लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या ‘दोनदाच जेवा’ मोहिमेने उपाशी राहण्याला आधुनिक वलय मिळाले. ती मोहीम लठ्ठपणा आणि मधुमेहासाठी आहे. आतड्याच्या दाहाच्या रुग्णाने ती स्वतःला लावून घेणे मात्र धोक्याचे.

ऑटोफॅजी म्हणजे पेशीची घरातली साफसफाई. निकामी प्रथिने, मोडके भाग आणि आत शिरलेले जिवाणू पेशी एका आवरणात गुंडाळते, लायसोसोममध्ये नेऊन विरघळवते आणि त्यातले कामाचे पुन्हा वापरते. ओसुमींनी ही यंत्रणा चालवणारी जनुके यीस्टमध्ये शोधली.

क्रोन्स या आजाराशी तिचे नाते २००७ मध्ये उघड झाले. ‘एटीजी१६एल१’ या ऑटोफॅजीच्या जनुकातील एका छोट्या बदलाने या आजाराचा धोका वाढतो, असे आढळले. लहान आतड्यातील पॅनेथ पेशी जंतुनाशक द्रव्ये सोडतात. साफसफाई बिघडली की ही द्रव्ये नीट साठत नाहीत, जंतू आतड्याच्या अस्तरात टिकतात आणि प्रतिकारशक्ती भडकलेलीच राहते. पण हा बदल युरोपीय वंशाच्या कोट्यवधी निरोगी माणसांतही आहे. उंदरांवरील प्रयोगांत तर जनुकातील दोषाला एका विषाणूच्या संसर्गाची जोड मिळाली, तेव्हाच आतडे बिघडले. शिवाय पाश्चात्त्य रुग्णांत महत्त्वाचे ठरलेले ‘नॉड२’ जनुकातील बदल भारतीय रुग्णांत क्वचितच सापडतात. म्हणजे परदेशातील निष्कर्ष जसेच्या तसे इथे लागू होत नाहीत.

उपासमारीने ऑटोफॅजी वाढते, हे यीस्ट आणि उंदरांत नीट दिसले आहे. उपवासाने क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस बरा होतो, हे सिद्ध झालेले नाही. या रुग्णांचे वजन आधीच घटलेले असते, रक्त कमी झालेले असते. त्यांना पुरेशी प्रथिने आणि उष्मांक हवे असतात. उपवासाच्या भरवशावर औषध बंद केले, तर आटोक्यात आलेला आजार पुन्हा उसळतो.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे, तो क्षयाचा. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स यांची लक्षणे जवळपास सारखी: पोटदुखी, जुलाब, ताप, वजन घटणे. दुर्बिणीतून दिसणारे व्रणही सारखेच. गंमत म्हणजे क्षयाच्या जंतूंना पेशीत मारण्याचे कामही ऑटोफॅजीच करते. निदान चुकले तर दोन्हीकडून नुकसान. क्षय असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले तर क्षय पसरतो. क्रोन्स असताना महिनोन्महिने क्षयाच्या गोळ्या दिल्या तर आतडे आकसत जाते. तुकड्याच्या तपासणीत क्षयजंतू सापडले नाहीत म्हणून क्षय नाहीच, असेही म्हणता येत नाही. म्हणून काही वेळा दोन-तीन महिने क्षयाचे औषध देऊन पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले का, हे पाहावे लागते.

ही फेरतपासणी वेळेवर होणे, हाच खरा प्रश्न आहे. किनवट, देगलूर, अहमदपूर किंवा निलंग्याच्या रुग्णाला त्यासाठी हैदराबाद, सोलापूर गाठावे लागू नये. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण आणि लातूरचे विलासराव देशमुख यांच्या नावाच्या शासकीय वैद्यकीय संस्थांत आतड्याच्या आजारांसाठी ठरलेला वार, दुर्बीण तपासणी, तुकड्याचा अहवाल आणि क्षय विभागाशी समन्वय, एवढे एका छताखाली मिळायला हवे.

तोवर लोकांनी इतके तरी पाळावे. शौचातून रक्त पडले की मूळव्याधच, असे धरून गावातल्या उपचारावर वेळ काढू नये. चार आठवड्यांहून अधिक जुलाब, रात्री झोपेतून उठवणारी शौचाची घाई किंवा विनाकारण घटणारे वजन दिसले तर तपासणी करून घ्यावी. उपवास करायचाच असेल तर तो डॉक्टरांना विचारून आणि औषध चालू ठेवून. पेशींची साफसफाई हे विज्ञान खरे आहे. तिच्या नावाने रुग्णाला उपाशी ठेवणे हे विज्ञान नव्हे.