केमोनंतरचे एकवीस दिवस

मैत्रिणींनो, कर्करोग हा शब्द आपल्याकडे अजूनही हळू आवाजात उच्चारला जातो. 'तसला आजार' म्हणायचं आणि विषय बदलायचा. पण नात्यात, शेजारात केमो घेतलेली एखादी बाई आता बहुतेक सगळ्यांच्याच ओळखीची असते. औषध रुग्णालयात काही तासांत चढवून होतं. पुढचे दिवस मात्र ती घरी असते, आणि ते कसे काढायचे हे घरच्यांना ठाऊक नसतं. म्हणून या आठवड्यात पाककृती बाजूला ठेवून याविषयी लिहिते आहे.

पुष्कळ औषधं दर २१ दिवसांनी देतात. काही दर आठवड्याला, काही पंधरवड्याने असतात. आपलं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावं. औषध चढवलं तो पहिला दिवस धरून कालनिर्णयवर पेनने आकडे घालून ठेवा. कुठल्या दिवशी कशाला जपायचं, हे त्यावरून घरातल्या सगळ्यांना कळतं.

पहिले दोन-तीन दिवस मळमळीचे. उलटीची गोळी मळमळ सुरू होण्याची वाट न पाहता लिहून दिलेल्या वेळीच द्यावी. औषधाचा अंश साधारण ४८ तास लघवी, शौच आणि उलटीतून बाहेर पडत असतो. तेवढे दिवस संडासात दोनदा भरपूर पाणी सोडावं. खराब झालेले कपडे रबरी हातमोजे घालून वेगळे धुवावेत. घरात गरोदर किंवा अंगावर पाजणारी सून-लेक असेल, तर हे काम तिला सांगू नये. मात्र कर्करोग शिवल्याने होत नाही, बरं का! तिचं ताट-वाटी वेगळी काढून तिचं मन मोडू नका. उलट जपायचं आहे ते तिला आपल्यापासून. सर्दी-खोकला, गोवर, कांजिण्या झालेल्यांनी तिच्या खोलीत जाऊ नये.

आता महत्त्वाचे दिवस, साधारण सातव्यापासून चौदाव्यापर्यंतचे. केमोची बरीचशी औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. त्यात रोगाच्या पेशी मरतात, पण तोंडातलं अस्तर, केसांची मुळं आणि हाडांच्या आतल्या मगजात तयार होणाऱ्या रक्तपेशीही सापडतात. म्हणून तोंड येतं, केस गळतात आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात. या आठवड्यात त्या बहुधा सगळ्यांत कमी असतात. एरवी दोन दिवसांत जाणारा ताप अशा वेळी काही तासांत जिवावर बेतू शकतो.

आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या सहाही केमो आमच्या घरी राहून झाल्या. दुसरीनंतरच्या दहाव्या दिवशी घरात हळदीकुंकू होतं. जाऊबाई खुर्चीत बसून सगळ्यांशी हसून बोलत होत्या. संध्याकाळी वाण द्यायला मी जवळ गेले, तर हात तापलेला. थर्मामीटर लावला, १०१! "अगं, दुपारपासून कसकस होतीच. बायका जाऊ देत, मग सांगणार होते," त्या म्हणाल्या. रिक्षा करून तडक रुग्णालयात नेलं. सलाइनमधून प्रतिजैविकं सुरू झाली आणि पाचव्या दिवशी त्या घरी आल्या. सकाळपर्यंत थांबला नाहीत हे बरं केलंत, एवढंच डॉक्टर म्हणाले.

आपण बायका ताप लपवतो. पाहुणे आहेत, मुलाची परीक्षा आहे, यांना उगाच रजा पडेल. एरवी हे खपतं, केमोनंतर खपत नाही. म्हणून घरात चांगला थर्मामीटर हवाच. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त भरला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयाला फोन करून निघायचं. त्यांना विचारण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नये, कारण ताप उतरलेला दिसतो आणि जंतुसंसर्ग आतल्या आत वाढत राहतो. ताप नसताना हुडहुडी भरली, धाप लागली, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, शौच काळं झालं, पाणीही पोटात टिकेना, तरी तेच करायचं.

स्वयंपाकघरात या दिवसांत कच्चं टाळावं. कच्ची कोशिंबीर, न शिजवलेली मोड आलेली मटकी, बाहेरचा उसाचा रस, कापून ठेवलेली फळं नकोत. केळं, मोसंबं धुऊन घरीच सोलून द्यावं. पाणी आणि दूध उकळलेलं, अंडं पूर्ण उकडलेलं, अन्न ताजं आणि गरम हवं. पथ्य म्हणून नुसती पेज आणि साबुदाण्याची खीर मात्र देत राहू नका. झीज भरून यायला प्रथिनं लागतात. मुगाची मऊ खिचडी, घट्ट वरण, पनीर, अंडी, चालत असल्यास नीट शिजलेले मासे, थोडंथोडं, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावं. जेवताना तोंडाला लोखंडाची चव येते असं पुष्कळजणी सांगतात. त्यांना स्टीलऐवजी प्लॅस्टिकचा किंवा लाकडी चमचा द्यावा. तोंड आलं असेल तर तिखट-आंबट बंद. कपभर उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ, पाव चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाचदा चुळा भराव्यात. संकष्टी, एकादशी सध्या राहू दे.

भेटायला येणारे औषधं सुचवतात, त्यांपासूनही जपा. कुणी सदाफुलीची पानं चावायला सांगतं. विन्क्रिस्टीन आणि विनब्लास्टीन ही केमोची औषधं सदाफुलीतूनच मिळाली, हे अगदी खरं. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांच्यावर संशोधन झालं. पण ते औषध शुद्ध करून, अगदी मोजक्या मात्रेत थेट शिरेतून देतात. अंगणातलं पान विषारी असतं आणि त्यात काय किती आहे ते कळत नाही. काढे, भस्मं, जडीबुटी, काहीही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नये.

तिसऱ्या आठवड्यात बरं वाटू लागतं आणि इथेच दुसरी गडबड होते. बाई ओट्याशी उभी राहते, घरच्यांनाही हायसं वाटतं आणि बघता बघता पोळ्या, डबे, धुणं पुन्हा तिच्याकडे जातं. केमोचा थकवा रात्रभर झोपून जाणारा नसतो. शेवटच्या केमोनंतरही तो कित्येक महिने रेंगाळू शकतो. विसरायला होतं, बोलताना शब्द सापडत नाहीत, तेही त्यातलंच. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं चालण्याने हा थकवा हळूहळू कमी होतो. पुढे वेळ वाढवावा, दुपारी आडवं व्हावं. भाजी निवडणं, मुलांचा अभ्यास घेणं अशी बसून करायची कामं तिला आवडत असली तर करू द्यावीत. बाकीचं इतरांनी वाटून घ्यावं, आणि तेही तिने मागण्याआधी. कारण ती मागणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

केस बहुधा पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांनी गळू लागतात आणि उपचार संपल्यावर काही आठवड्यांतच बारीक लव दिसू लागते. तोवर स्कार्फ बांधायचा, टोप लावायचा की तसंच राहायचं, ते तिचं तिला ठरवू द्या. "येतील गं परत" हे तिला ठाऊक असतं. तिला रडू आलं तर जवळ बसावं.

आणि हा लेख वाचणारी स्वतःच केमो घेत असेल, तर तिला सांगते: बाई गं, थर्मामीटर उशाशी ठेव, रुग्णालयाचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लाव आणि अंग जरा जरी तापलं तरी लगेच घरच्यांना हाक मार. पाहुण्यांचा चहा दुसरं कुणीही करील.

पुढच्या आठवड्यात पुन्हा आपल्या बरण्या-डब्यांकडे वळू.