भागीदारी हवी, पण मालकीसह

‘लोकांची भागीदारी’ हा शब्दप्रयोग सरकारी परिपत्रकांत फार स्वस्त झाला आहे. गावाने श्रम द्यावेत, खात्याने हुकूम सोडावेत आणि ठेकेदाराने नफा न्यावा, हा त्याचा व्यवहारातील अर्थ होय.

नागपूर–नागभीड हा शंभराहून अधिक किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग नोव्हेंबर 2019 मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाला. ब्रॉडगेजबद्दल वाद नाही. परंतु नवा मार्ग जेथे जुना बांध सोडील, तेथील बांध, पूल व स्थानके कोणाच्या हाती जाणार? अमेरिकेने 1983 च्या कायद्याने वापरातून गेलेले रेल्वेमार्ग सलग राखून त्यांच्या पाऊलवाटा करण्याची सोय केली. स्पेननेही 1993 पासून तोच मार्ग धरला. चंद्रपूरच्या जंगलात अशी वाट झाली तर स्वागतच आहे. मात्र न्यूयॉर्कचा धडा ध्यानात असावा. तेथील रहिवाशांच्या खटपटीने जुन्या उंच रेल्वेमार्गाचे उद्यान झाले; भोवतालच्या जमिनींचे भाव कडाडले आणि लोणी बिल्डरांच्या ताटात पडले.

ज्याच्या हाती मालमत्ता, त्याच्या हाती उत्पन्न, हा अर्थव्यवहाराचा साधा नियम आहे. 2006 चा वनहक्क कायदा वनजमिनीला लागू आहे; रेल्वेच्या मालकीच्या पट्ट्याला नाही. म्हणजे दुतर्फा जंगलावर ग्रामसभेचा हक्क असला, तरी मधल्या बांधावर तीच ग्रामसभा परकी ठरेल!

शेजारच्या गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने याचे उत्तर कधीच दिले आहे. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क त्याने मिळवला. तरीही स्वतःचा बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती येण्यास एप्रिल 2011 उजाडला. हक्काचा कागद हाती असताना ही गत, तर नुसत्या भागीदारीच्या आश्वासनावर कोणी विसंबावे?

म्हणून मागणी स्पष्ट हवी. सोडलेली जमीन दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने ग्रामसभांना द्यावी. वाटेवरील शुल्क ग्रामसभांच्या खात्यात जमा व्हावे. मोहफूल, तेंदू वेचणाऱ्यांची व गुराख्यांची ये-जा कोणत्याही कुंपणाने अडू नये. वाघांच्या वाटेवर किती प्रवासी सोडायचे, हेही वनखात्याने ग्रामसभेसह ठरवावे.

आराखडे मंजूर झाल्यावर मोर्चा काढून काय उपयोग? कार्यकर्त्यांनी आजच गावोगावच्या ग्रामसभांतून हे ठराव करून घ्यावेत. मालकीवाचून मिळणारी भागीदारी ही वेठबिगारीच होय; तिचे नाव तेवढे बदलले आहे.